दिगंबररावांची आंदुलची ज्वारी

पंचावन्नी उलटल्यावर दिगंबरराव घुटक्यांनी हावड्यापलीकडे दुसरं बिऱ्हाड थाटलंय, अशी बातमी एकेकाळी कलकत्त्याच्या भवानीपुरातल्या झाडून सगळ्या मराठी घरांत फिरत होती. सकाळी अंघोळ करून, डबा घेऊन ट्राम पकडायची, हावड्याहून गाडी. संध्याकाळी परत यायचं ते धोतराला चिखल आणि तोंडावर नव्या नवऱ्याचं तेज घेऊन. माणसांनी समजायचं तरी काय? बातमी साफ खोटी होती. खात्रीनं सांगतो, कारण ती मीच उठवली होती. मी त्यांच्या खालच्याच मजल्यावर राहतो, म्हणून लोकांनी विश्वासही ठेवला.

कालिंदीवहिनींच्या कानावर गेलं तेव्हा त्या जिन्यातच मला म्हणाल्या, "असती एखादी तर बरंच होतं हो, गुरुदत्तभाऊजी. धोतरं तरी तिनं धुतली असती."

पलीकडे बाई नव्हती, जमीन होती. आंदुल स्टेशनाजवळ, रुळांना लागून, दोन बिघे. मूळचे नागपूरकडचे दिगंबरराव बत्तीस वर्षं रेल्वेत रुळांच्या टोळीचे मुकादम होते. उन्हातान्हात खडी ठोकून घेतली, भराव राखले. पन्नास साली सुटले तेव्हा सगळ्यांना वाटलं, आता गाशा गुंडाळणार. तर यांनी फंडाच्या पैशातून ही जमीन घेतली. कशासाठी? ज्वारी पेरायला. रेशनचा तांदूळ खाऊन जीभ मेली, म्हणे.

बंगालात ज्वारी! आमच्या मराठी मंडळाच्या सभेत मी ठराव मांडला, की पुढच्या वर्षी घुटक्यांनी इथे संत्रीही लावावीत. सगळे हसले. दिगंबरराव हसले नाहीत. म्हणाले, "काऊन, सूचक तुम्ही, मग खणायला येता का?"

पहिल्या वर्षी त्यांनी एक चूक केली. गावाकडे बाप पेरायचा तशी मृगावर पेरली. इथला पाऊस काय त्यांच्या बापाला विचारून पडतो? श्रावणात सगळं रान गुडघाभर पाण्यात, आणि ज्वारी मुळातून कुजली.

दिवाळीला नागपूरहून मुलगा श्यामकांत आला. सरकारी कचेरीत कारकून, बोलणं मोजून. कुजलेलं रान पाहून म्हणाला, "बाबा, लोक हसतात. जमीन विका आणि आईला घेऊन नागपूरला चला."

"लोक म्हणजे हा खालचा गुरुदत्त. तो स्वतःच्या लग्नातही हसत होता."

"मग एक ठरवू. पुढच्या वर्षाच्या पेरणीचं पीक आलं नाही, तर चलायचं."

"चाललं," म्हणाले दिगंबरराव. वहिनींनी कपाळाला हात लावला.

त्या उन्हाळ्यात म्हाताऱ्यानं शेत केलं नाही, भराव घातला. अगदी रुळांखाली घालतात तसा: दोन फूट उंच, चोपून बसवलेला, दोन्ही अंगांना उतार, आणि कडेनं खोल चर. पाणी हा रुळांचा पहिला दुश्मन, हे बत्तीस वर्षं घोकलेलं. शेजारी भातवाला हाराधन मंडल. त्याचा सगळा जन्म बांध घालून पाणी अडवण्यात गेलेला. तो कळवळून म्हणायचा, "दादा, पानी को आने दो, तुम भगाता क्यों है?"

"तुमारा धान पानी पीता है, हमारा ज्वारी नहीं पीता," हे उत्तर.

आणि या खेपेला मृग नाही की काही नाही. दुर्गा विसर्जनाला गेल्यावर, पाऊस सरल्यावर पेरणी. पौषात कणसं भरली तसे राघू आले. दिगंबरराव वेताच्या मोढ्यावर बसून झेंडी फडकवायचे. हिरवी. लाल फडकवली तर गाडी थांबेल, ही काळजी रिटायर होऊनही सुटली नव्हती.

संक्रांतीच्या आधीच्या रविवारी त्यांनी आम्हा सगळ्या हसणाऱ्यांना हुरड्याला बोलावलं. श्यामकांतही आला होता. खड्ड्यात गोवऱ्यांचा निखारा, त्यात कोवळी कणसं, वहिनींची शेंगदाण्याची चटणी. तळहातावर चोळून फुंकलेले गरम दाणे तोंडात पडले आणि मंडळाची अख्खी कार्यकारिणी निखाऱ्याकडे सरकली. मी तीन वेळा ओंजळ पुढे केली. दिगंबररावांनी तीनही वेळा भरली, आणि चौथ्यांदा म्हणाले, "सूचक, थांबा आता. अनुमोदकांनाही राहू द्या." हाराधन खात होता आणि खाताखाता चरांची खोली काठीनं मापत होता.

हात झटकून श्यामकांत म्हणाला, "पीक आलं, बाबा. मानलं. तुमचा हट्ट पुरा झाला ना? मग आता तरी विका आणि चला. हाच हुरडा नागपुरात दारावर येतो."

मी कान टवकारले. वहिनी कणीस भाजायच्या थांबल्या.

गेल्या भाद्रपदात दिगंबरराव गेले. माझ्या जिभेनं त्यांना आयुष्यभर छळलं, म्हणून त्यांचं तेव्हाचं बोलणं मीठमसाला न लावता, जसं ऐकलं तसं लिहितो. निखारा सारत, मुलाकडे न बघता ते म्हणाले:

"बत्तीस वर्षं दुसऱ्यांच्या गाड्या जाव्यात म्हणून माती चोपली. आता त्याच मातीत माझं काही उगवलं, तर मी हलू? परतीचं तिकीट काढ, श्याम. एकच काढ."