ताटलीतलं खळं

सकाळी आल्या आल्या मामा काचेची ताटली खिडकीच्या उजेडात धरायचे, एक डोळा मिटायचे आणि म्हणायचे, “ताटली खोटं बोलत न्हाई, म्याडम.”

पारनेरकडच्या आमच्या कॉलेजात ते प्रयोगशाळेचे शिपाई होते. मी तिथे सूक्ष्मजीवशास्त्र शिकवते. अँटिबायोटिकना न जुमानणाऱ्या जंतूंवर झाडपाल्याचा अर्क चालतो का, हे आम्ही तपासत होतो. पाला मामा आणायचे, तोही झाडाला हात जोडून. मी एकदा घाईत फांदी ओरबाडली, तर दोन दिवस माझ्याशी नीट बोलले नाहीत. तुमच्याही ऑफिसात असा एखादा शिपाई असेल, ज्याच्यापुढे साहेबच दबकून असतात.

ताटलीत जंतूंचा सायीसारखा थर धरतो. अर्क लागू पडला तर त्याच्याभोवती मोकळं वर्तुळ राहतं. मामा त्याला खळं म्हणायचे, चंद्राभोवती पडतं तसं.

मामांना साखरेचा आजार होता. पायाची जखम कुठल्याच गोळ्यांना दाद देईना. त्यांनीच सुचवलं म्हणून त्या जखमेतले जंतू आम्ही वाढवले आणि वर गावाकडे जखमेवर लावतात त्या दगडी पाल्याचा अर्क घातला. दुसऱ्या दिवशी चांगलं रुपयाएवढं खळं.

“पडलं की वो,” एवढंच म्हणाले आणि रजेचा अर्ज ठेवून गेले.

आठवड्याने मी तोच प्रयोग पुन्हा लावला. या वेळी शेजारी नुसतं अल्कोहोल घातलं, ज्यात आम्ही पाला भिजवतो. दोन्हीकडे सारखंच खळं पडलं. म्हणजे पाल्याचं काहीच नव्हतं. पहिल्या वेळी हे बघायचं मी विसरले होते. विद्यार्थी विसरले तर मी मार्क कापते.

फोन केला तेव्हा कळलं, मामांनी दवाखाना सोडून आठ दिवस जखमेवर पालाच बांधला होता. नगरला पाय गुडघ्यातून काढला. मी भेटायला गेले आणि सगळं सांगितलं. मला रडू येईल असं वाटलं होतं, आलं नाही.

ते म्हणाले, “म्हंजी ताटली खोटं न्हाई बोलली. आपनच तिला अर्धं इचारलं.”

महिन्याभरात ते गेले.

जंतू जिवंत ठेवायचे तर महिन्याला नव्या ताटलीत लावावे लागतात. फ्रिजमधल्या मामांच्या जखमेतल्या जंतूंच्या ताटलीवर नुसता सात नंबर आहे. मी लावते. दुसऱ्या दिवशी सकाळी उजेडात धरून बघते. दाट वाढलेले असतात.