अंतऱ्यातलं नाव

जिनदत्त गेला त्या सकाळी मी त्याला गाढव म्हणालो. तो गेलाय हे मला ठाऊक नव्हतं, एवढीच काय ती माझी बाजू. झालं असं की बेळगावात, खासबागेतल्या आमच्या न्हाणीघरात अंगावर पाणी ओतता ओतता मला आमच्या जुन्या भांडणातला एक बिनतोड मुद्दा सुचला. तसाच ओल्या अंगानं बाहेर आलो, फोन घेतला आणि त्याला आवाजी मेसेज पाठवला. अख्खी बंदिश गायलो. मुखडा तीनतीनदा घेतला, सम कुठं आणि कशी पडते ते मांडीवर थाप मारून ठासून सांगितलं आणि शेवटी म्हणालो, "जिन्या, गाढवा, आता बोल की! का बसली दातखीळ?" पाठवलं आणि मोठ्या समाधानानं उप्पीट खायला बसलो. ताटली संपायच्या आत निपाणीहून त्याच्या सुनेचा, राजश्रीचा फोन. "काका, आप्पा पहाटे गेले." मग म्हणाली, "तुमचा मेसेज आलता. सगळ्यांना वाटलं, तुम्हाला कळलंय आणि तुम्ही आप्पांसाठी गाऊन पाठवलंय... म्हणून मोठ्यानं लावला. त्यांच्याजवळच." मी विचारलं, "शेवटपर्यंत?" ती म्हणाली, "व्हय."

निपाणीला पोचलो तर दारातच त्याच्या भावकीतल्या एका म्हाताऱ्यानं मला खालपासून वरपर्यंत न्याहाळलं आणि विचारलं, "तुम्हीच व्हय ते दातखीळवाले?" माणसं रडत होती आणि मधूनच माझ्याकडं बघून पदराआड, रुमालाआड हसत होती. मला तर रडायलाही तोंड राहिलं नव्हतं. आणि तो आत शांत पडलेला, चेहऱ्यावर तीच नेहमीची, मुद्दा संपला की ओठाच्या एका कोपऱ्यात यायची ती रेघ. मला भयंकर राग आला. उत्तर न देता जायची ही काय पद्धत?

भांडण कशाचं होतं ते सांगायला हवं. आमच्या भागात दोन रचनाकार होऊन गेले. एक बेळगावातल्या शहापूरचे बुवा. विणकरांच्या मागांच्या खटखटीत, गल्लीतल्या एका खोलीत शिकवायचे आणि बंदिशी बांधायचे. दुसरे निपाणीकडचे मास्तर. बंदिशीच्या अंतऱ्यात रचनाकार आपलं टोपणनाव गुंफतो, तसं बुवांचं नाव 'नादसखा' आणि मास्तरांचं 'मोदपिया'. दोघांचं एक पान कधी छापलं गेलं नाही, की कुणी आवाज टिपून ठेवला नाही. जे काही उरलं ते गळ्यातनं गळ्यात. जिनदत्त पोरवयात मास्तरांकडं शिकला आणि कॉलेजसाठी बेळगावला आला तेव्हा बुवांकडं. तिथंच आमची गाठ पडली. मीही बुवांकडं शिकायला जायचो. काही महिने त्यांनी सोसलं आणि मग एक दिवस फार मायेनं म्हणाले, "तू ऐकत जा बाळ." तेव्हापासून ऐकतोय. ज्याला गाता येत नाही त्याला मतं मात्र फार असतात, आणि माझं मत असं की बुवांसारखा रचनाकार झाला नाही. शब्द चार, जागा ऐसपैस. आणि सम अशी येणार, की एखादी बाई नवं लुगडं नेसून अलगद उंबऱ्यावर पाऊल टाकतीय. मास्तरांचं सगळं निपाणीच्या बाजारासारखं. शब्दांची गर्दी, लय आडवीतिडवी, सम कुठल्या बाजूनं अंगावर येईल सांगता यायचं नाही.

जिनदत्त म्हणायचा, "तुझ्या बुवांची बंदिश सुरू झाली की ऐकणारा एक डुलकी काढून समेला उठतोय बघ." मी म्हणायचो, "तुझ्या मास्तरांच्या बंदिशीत श्वास घ्यायला जागा न्हाय. गाणारा मरंल." "मरू दे की. मरताना तरी जागा असंल!" हे असं, वर्षानुवर्षं, दर रविवारी. मी बँकेत नोकरीला, तो निपाणीत घरच्या तंबाखूच्या वखारीत. एका रविवारी तो बेळगावला यायचा, पुढच्या रविवारी मी निपाणीला जायचो. वखारीच्या माडीवर त्याची बैठक. तंबाखूच्या वासानं मला शिंका यायच्या, त्या नेमक्या समेच्या आधी, आणि तो म्हणायचा, "बघा, बेळगावची दाद." त्याच्यातली सगळ्यात संतापजनक गोष्ट मात्र त्याचं जेवण. जैनाघरचा नेम, दिवस बुडायच्या आत जेवायचं. माझा मुद्दा ऐन रंगात आला, त्याला आता कोंडीत पकडलाच म्हणेपर्यंत खालून त्याच्या बायकोची, पद्मावहिनींची कानडीमिश्रित हाक, "साकु, साकु! पुरे आता. दिवस बुडाय आला." की हा उठलाच. तंबोऱ्याला खोळ, खांद्यावर पंचा आणि "ऱ्हाऊ दे, पुढच्या वक्ताला" म्हणून जिना उतरायला लागायचा. माझ्या आयुष्यातलं एकही भांडण सूर्यानं पूर्ण होऊ दिलं नाही. रात्रीचे रागही आमच्या वाट्याला आले नाहीत. आम्ही आपले दुपारचे, पटदीप आणि भीमपलासवाले.

त्या पटदीपनंच घात केला. शहापुरात बुवांच्या पुण्यतिथीला दरवर्षी एका मागशाळेत गाणं व्हायचं. माग बंद, त्यावर चादरी टाकलेल्या, मधल्या जागेत सतरंजी. एका वर्षी जिनदत्तानं तिथं पटदीपमधली एक बंदिश गायली. आम्ही कुणीच ती आधी ऐकली नव्हती. 'बाट न जानूँ घर अपने की'... आपल्याच घरची वाट ठाऊक नाही. आणि अंतऱ्यात, 'नादसखा सों पूछत हारी'. मागशाळेत कुणी हलेना. मला राहवलं नाही. मी उठलो, माईक हातात घेतला, आणि बोललो. काय बोललो ते आठवलं की अजून कानशिलं तापतात. "अशी रचना फक्त आमचे बुवाच करू जाणोत, हे निपाणीच्या मास्तरांच्या सात जन्मांत शक्य नव्हतं," एवढंच बोलून थांबलो असतो तरी चाललं असतं. पण मी प्रत्येक जागा फोड करून समजावली. टाळ्या पडल्या. परतीच्या वाटेवर बसस्टँडवर जिनदत्त शांतपणे म्हणाला, "छान बोललास. पण ती मास्तरांची हाय रं. नाव तेवढं म्या बदललं. मात्रा सारख्याच हायत, गुपचूप बसतंय." मी म्हटलं, खोटं. "मग हुडीक की," म्हणाला आणि बसमध्ये चढला.

कुठं हुडकणार? ती बंदिश त्याच्याखेरीज कुणालाच येत नव्हती. मी आठवडेच्या आठवडे झोप घालवली. माझी आयुष्यभराची निवड त्या एका पटदीपवर येऊन टेकली होती. बुवांचं मोठेपण कुणाला पटवायचं झालं की मी तीच तर गुणगुणून दाखवायचो! शेवटी, काही वर्षांनी म्हणा, मन मोठं केलं. निपाणीला त्याच्या माडीवर त्यानं तीच बंदिश 'मोदपिया' घालून गायली, तेव्हा दहा माणसांत मी कबूल केलं की ज्या माणसाला हे सुचलं तो मोठा, मास्तर मोठे, मी हरलो. माझे डोळे भरून आलेले, स्वतःच्याच मोठ्या मनानं. जिनदत्तानं तंबोरा खाली ठेवला आणि म्हणाला, "खुळ्या, ती बुवांचीच हाय. त्या दिवशी बसस्टँडवर खोटं बोलल्तो." माडी हसून कोसळायची बाकी राहिली. मी चिडून खरं काय ते विचारतोय तोवर खालून हाक आली, "साकु, साकु..."

त्यानंतर त्यानं कधीच सरळ सांगितलं नाही. मी बुवांचं नाव घेतलं की तो मास्तरांचं, मी मास्तरांकडं झुकलो की तो बुवांचा भक्त. त्याला स्वतःला दोघांत कोण जास्त आवडायचा हेही मला सांगता येणार नाही. एवढ्या रविवारांनंतर ही माझी माहिती! त्या शेवटच्या सकाळचा माझा बिनतोड मुद्दाही हाच होता. सम 'घर' या शब्दावर अलगद उतरते, म्हणजे बंदिश बुवांचीच. गाढवानं ऐकला असता तर...

तो गेल्यावर काही आठवड्यांनी राजश्रीचा पुन्हा फोन आला. ती शाळेत कन्नड शिकवते आणि सासऱ्याकडं गाणं शिकलीय. वखारीच्या माडीवर त्याच्या आठवणीची बैठक ठरली होती. "पटदीप गाणार हाय मी. आप्पांनी मला ती दोन्ही नावांनी शिकवलीया. काका, कुठलं नाव घालू? तुम्ही सांगाल तेच इथनं पुढं चालणार." माझ्या लक्षात आलं, आता मला खोटं ठरवणारं कुणीही उरलेलं नाही. 'नादसखा' एवढी चार अक्षरं उच्चारली की मी जिंकलो, बुवा जिंकले, कायमचे. ही पोरगी उद्या तिच्या शिष्यांना तेच शिकवणार. इतकी वर्षं ज्यासाठी घसा कोरडा केला ते एका फोनवर मिळत होतं. तोंड उघडलं, आणि खरं सांगतो, काही मजाच वाटेना. समोर ऐकायला तो नसताना जिंकून करायचं काय? मी तिला म्हटलं, "येऊन सांगतो," आणि बैठकीच्या दिवशी दुपारीच निपाणी गाठली.

आधी पद्मावहिनींना गाठलं. त्या शेंगा फोडत बसल्या होत्या. म्हटलं, "वहिनी, घरी एकटा गाताना तो कुठलं नाव घ्यायचा? दाढी करताना, पेटी उघडताना, कधीतरी?" वहिनींनी शेंगा फोडायच्या थांबवल्या. "कुठलंच न्हाय की हो." म्हटलं, म्हणजे? "तिथं आलं की नुस्तं आऽऽ करायचे. एकदा म्या इचारलं, नाव इसरला काय? तर म्हणाले, नाव घातलं की त्या बेळगावकराचं काम संपतंय. मग रविवारी येऊन करंल काय त्यो?" एवढं बोलून त्या पुन्हा शेंगा फोडायला लागल्या. म्हणजे मी आयुष्यभर ज्याला वाद समजत होतो, ते ह्या माणसानं माझ्यासाठी मांडून ठेवलेलं ताट होतं. आणि त्याबद्दलही राग आला, हे लिहून टाकतो. मला सांगितलं असतं तर मी काय यायचा थांबलो असतो?

वर गेलो. राजश्री तंबोरा लावत होती. "काका, नाव?" आयुष्यात पहिल्यांदा मी म्हणालो, "मला ठाऊक न्हाय, बाळ." ती हसली, बहुतेक वहिनींनी तिलाही सांगितलं असावं. तिनं अंतऱ्यात त्या जागी नुसता आकार घेतला, लांब, सरळ, आणि 'सों पूछत हारी'वर येऊन थांबली. विचारून विचारून थकले... मला शिंक आली. नेमकी समेच्या आधी. "बघा," मागून भावकीतला तोच म्हातारा म्हणाला, "दातखीळवाल्यांची दाद." बैठक संपायच्या आत निपाणीकर शपथेवर सांगत होते की त्या आकारात त्यांना 'मोदपिया' स्वच्छ ऐकू आलं आणि शहापूरहून आलेली माणसं 'नादसखा'वर पैज लावायला तयार होती. आवाज चढले, मीही दोन्ही बाजूंनी बोललो. मग खालून हाक आली आणि सगळे उठले.

आता रविवारी दुपारी मी खासबागेत एकटाच पटदीप म्हणत बसतो. बेसूर म्हणतो, बुवांचा निकाल बरोबरच होता. अंतऱ्यात त्या जागी आलो की आकार धरतो, आणि जरा जास्तच वेळ धरतो, कुणी "खोटं!" म्हणतंय का ते बघत. मग पुन्हा मुखड्यापासून मुद्दा मांडायला घेतो. सम 'घर'वर आहे, म्हणजे बुवा... पण लय आडवी आहे, म्हणजे मास्तर... कोंडीत पकडलाच म्हणेपर्यंत खिडकीतलं ऊन तांबडं व्हायला लागतं. माझ्या घरी असला काही नेम नाही, रात्री उशिरा जेवणारी माणसं आम्ही. तरी रविवारी मी दिवस बुडायच्या आत ताट मागून घेतो. मुद्दा तसाच अर्धा टाकतो, खांद्यावर पंचा घेतो आणि उठतो. पुढच्या वक्ताला.