गट नंबर एकशे बाराचा बंगला

धर्माजी तीस वर्षं कोतवाल म्हणून खालापूरच्या गावागावांत तलाठ्याचं दप्तर वाहत हिंडले. माणसाचं नाव ते विसरतील, जमिनीचा गट नंबर नाही.

नातवाच्या नामकरणाला नाशिकहून व्याही सहकुटुंब येणार होते आणि घर दोन खोल्यांचं. म्हणून सून उज्वलानं मोबाइलवर एका रात्रीसाठी नदीकाठचा बंगला धरला. चौघांची सोय, पोहायचा तलाव, भाडं नऊ हजार. पैसे गेले तेव्हा कुठे पत्ता आला: गट नंबर एकशे बारा.

धर्माजींची चहाची बशी ओठाशीच थांबली.

"अगं, तो गट पाताळगंगेनं कवाच नेला! पंच घेऊन मीच गेलतो. बंगला नदीकाठी नाय, नदीत हाय!"

उज्वलानं लगेच बुकिंग रद्द केलं. कंपनीनं रद्द करण्याचा आकार लावला. किती? नऊ हजार. नामकरणाच्या जेवणाचे म्हणून बाजूला काढलेले होते ते.

"पंचनामा करू," धर्माजी म्हणाले.

"रिटायर होऊन चार वर्सं झाली, पण यांचा पंचनामा काय सुटंना!" मालनबाईंनी चुलीपुढून नवऱ्याला टोला हाणला.

दुसऱ्या दिवशी शेजारच्या कोंडाजीसह पाच पंच आणि सहावे धर्माजी, पँटी दुमडून नदीत उतरले. कागद अगदी सरकारी झाला: "आम्ही पंच समक्ष जागेवर हजर राहून पाहता गुडघाभर पाणी असून बंगला आढळून आला नाही. चतुःसीमा: पूर्वेस नदी, पश्चिमेस नदी, उत्तरेस नदी, दक्षिणेस कोंडाजीची म्हैस." चार सह्या, एक अंगठा. उज्वलानं फोटो काढून कंपनीला धाडला.

तिसऱ्या दिवशी मोठं गोड उत्तर आलं. आपण जागेवर हजर राहिल्याचं आपल्याच कागदावरून दिसतं, सबब रद्द करण्याचा आकार मागे घेत आहोत; बंगला आढळून न आल्यानं भाडंही नाही. मात्र चौघांऐवजी सहा पाहुणे आणि तलावाचा वापर, याचे अठराशे कापून बाकी रक्कम परत.

"आबा, हे तर चोरावर मोर! अजून भांडू या," उज्वला उसळली.

धर्माजींनी निरोप तीनदा वाचला. चेहऱ्यावर हळूहळू आदर पसरला.

"ऱ्हाऊ दे गं. बहात्तरशे आले, जेवण निघालं. व्याही झोपतील कोंडाजीच्या पडवीत. पण हे उत्तर लिवणाऱ्या माणसाला दुखवू नको. नदीत उभं ऱ्हायल्याचा सारा वसूल करायचं, आख्ख्या नोकरीत आमच्या एकाबी तहसीलदाराला सुचलं नाय!"