पुरलेली अंडी

अंबरनाथच्या कारखान्यात मी तीस वर्षे माल तपासला. एकदा नापास केलेली वस्तू पुन्हा हातात घ्यायची नाही, हा माझा नियम. घरच्या इन्क्युबेटरमधली कोंबडीची चार अंडी एकवीस दिवसांत फुटायला हवी होती, ती बाविसाव्या दिवशीही फुटली नाहीत. बॅटरीच्या उजेडात आत हालचाल दिसेना, म्हणून तीन अंडी मी शेवग्याखाली पुरली. चौथे नजरचुकीने आतच राहिले. दुपारी त्यातून चिवचिव ऐकू आली. संध्याकाळी पिल्लू बाहेर आले, पण त्याचे पाय फाकत होते. ते मी चिकटपट्टीने बांधले आणि चोचीला गुळाचे पाणी लावले.

“अहो, मग पुरलेल्या तिघांचं काय?” बायकोने विचारले.

मी शेवग्याखाली जाऊन मातीला कान लावला. काही ऐकू आले नाही. उकरून पाहण्याचे धैर्य मात्र मला झाले नाही.