बबिताचा ढावलो

दिग्रसच्या आसपास कुठं लग्न ठरलं, की आचाऱ्याला आणि मांडववाल्याला सांगून झाल्यावर लोक लालसिंग राठोडकडे येत. "लालसिंगभाऊ, माईक तुमीच धरा बाप्पा!" असं म्हणून सुपारी त्याच्या हातात ठेवत.

दिवसभर हा बुटका माणूस जिनिंगमध्ये कापसाच्या गाड्या उतरवून घेई. केसांत, भुवयांवर, कानांच्या पाळ्यांवर कापसाचा फुफाटा बसलेला. पण संध्याकाळी अंघोळ करून, पांढरा सदरा घालून तो मांडवात उभा राहिला की ओळखू येत नसे. माईक हातात आला तरी लगेच बोलत नसे. आधी मांडवावरून शांत नजर फिरवी. शेवटच्या खुर्चीवर कोण टेकलंय तेही पाही. मगच पहिला शब्द टाकी. तेवढ्या थांबण्यात त्याला कळे, की इथं हात जोडून बोलायचं की खांद्यावर हात टाकून.

हे तो विंगेत शिकला होता. त्याच्या तरुणपणी कापसाच्या हंगामात दिग्रसला नाटक मंडळ्या उतरत. रंगांचा वास, पेटीचे सूर, चहाच्या कपबश्यांची किणकिण, यांनी सगळं गाव महिनाभर उजळून जाई. लालसिंग त्यांच्या पेटाऱ्या वाहू लागे. त्याबद्दल त्याला विंगेत उभं राहायला मिळे. तिथून नट पाठमोरे दिसत आणि प्रेक्षक समोर. कुठल्या वाक्याला पुढच्या रांगेतले शेठजी मान डोलावतात आणि मागं जमिनीवर बसलेल्या बाया कधी पदर तोंडाला लावतात, हे त्यानं डोळे भरून पाहिलं. भूमिका त्याला कधीच मिळाली नाही. पण ते पाहणं त्याला जन्मभर पुरलं.

पंगत उठवणं हे माईकवाल्याचं सगळ्यात अवघड काम. जेवून झालेला माणूस पानावर बसून गप्पा मारतो आणि मागं दुसरे उपाशी उभे असतात. उठ म्हणावं तर अपमान होतो. कुणबी पाटलांच्या लग्नात लालसिंग म्हणे, "मामाजी, पोट भरलं असन तं गोष्टी मांडवाच्या बाहीर लिंबाखाली सांगा. तिथं हवा बी हाय आन् पान बी हाय." व्यापाऱ्याच्या घरी तोच आवाज लोण्यासारखा होई : "भाईसाहब, जो मेहमान खड़े हैं वो भी आप ही के हैं." तालुक्याचे अधिकारी असले, की "पुढील पंक्तीस कृपया संधी द्यावी, ही नम्र विनंती." आणि आपल्या बंजारा तांड्यात मात्र माईक बाजूला ठेवून तो गोरबोलीत ओरडे, "भीमसिंग, ऊठ! तुझा बाप उपाशी उभा आहे!" भीमसिंग हसत उठे, आणि त्याच्यासोबत सगळी पंगत.

अशा माणसाच्या घरात लग्न निघालं. मुलगी बबिता यवतमाळच्या एका दवाखान्यात नर्स होती. तिथल्याच लॅबमधला पियुष तिनं पसंत केला. मुलगा राळेगावकडचा, कुणब्याच्या घरचा. बाप बबनराव कपाशी-सोयाबीनचा शेतकरी, आई कोकिळाबाई. दोन्हीकडं थोडी धुसफूस झाली आणि मग निवळली. बोलणीला लालसिंग आणि नंदाबाई त्यांच्या गावी गेले, तेव्हा कोकिळाबाईंनी चहाचा कप पुढं करत मोकळ्या मनानं विचारलं, "ईनबाई, तुमच्यात लग्नात काय काय करतात सांगा बा. आमाले काही ठाऊक नाई. चुकून राह्यलं तं बरं नाई दिसत."

नंदाबाई तोंड उघडणार, तेवढ्यात लालसिंग हसून म्हणाला, "विशेष काही नाई. तुमच्यासारखंच सारं."

परतीच्या एसटीत दारव्हा मागं पडताच नंदाबाई त्याच्याकडं वळली. मग म्हणाली, "तुमच्यासारखंच म्हणालात. आणि ढावलो?"

ढावलो म्हणजे पाठवणीच्या वेळी नवरीनं रडत रडत म्हणायचं गाणं. तांड्यात ते सगळ्यांना ठाऊक. नवरी एकेकाच्या गळ्यात पडते आणि त्या माणसानं आपल्यासाठी काय काय केलं ते सुरात सांगते. आता पुष्कळ मुलींना ते येत नाही. बबिताला यायला लागलं होतं. रात्रपाळी नसली की ती फोन लावून शकुआत्याकडून शिकत असे. ही लालसिंगची थोरली बहीण शकुबाई. तोंडात कायम तंबाखू, पण गळा अजून खणखणीत.

"ते राहू दे," लालसिंग घरी पोचल्यावर सुटीवर आलेल्या बबिताला म्हणाला. घरातलं बोलणं गोरबोलीतलं. इथं ते मराठीत उतरवलंय. "त्यांच्या लोकांना ते कळायचं नाही, बेटी. पहिल्याच दिवशी ते तुला हसले, तर मला ते सहन होणार नाही."

"बा, मी सुई टोचण्याआधी पेशंटला सांगते, थोडं दुखेल. मग तो ओरडत नाही. तू त्यांना आधी काही सांगतच नाहीस."

"बरं, म्हण. पण थोडक्यात."

नंदाबाई खो-खो हसली. "थोडक्यात रडायचं? हे कुठल्या माईकवर शिकलात?"

हसण्यावारी गेलं ते गेलंच. राळेगावकडं निरोप जायचा राहिला. कुणाला कसं सांगायचं हे त्याला झोपेतही येई. पण आपल्या घरातलं सांगताना, समोरच्याच्या तोंडावर कुठंतरी हसू उमटेल, या धास्तीनं त्याची जीभ अडत होती. पोरगी त्या घरात मानानं नांदावी, एवढं एकच त्याला हवं होतं.

लग्न दिग्रसच्या मंगल कार्यालयात लागलं. माईक अर्थातच नवरीच्या बापाकडं. "लालसिंगभाऊ, आज तरी बसा ना!" म्हणून लोकांनी चिडवलं. पण त्यानं पाहुण्यांचं स्वागत केलं, मंगलाष्टकं म्हणणाऱ्यांना पुढं बोलावलं आणि पंगतीसुद्धा गोडीगुलाबीनं उठवल्या. जेवणं उरकली. वऱ्हाडाची गाडी दारात लागली. वाटेत कळंबला चिंतामणीपुढं नवरा-नवरीनं डोकं टेकायचं आणि उजेड आहे तोवर राळेगाव गाठायचं, असा बबनरावांचा बेत होता.

आणि बबिता नंदाबाईच्या गळ्यात पडली.

"ये याडी, ये..." आईला घातलेली ती हाक जी निघाली, ती कार्यालयाच्या पत्र्यापर्यंत चढली आणि कापत कापत खाली आली. बबिताचं सगळं अंग गदगदत होतं. तांड्याच्या बाया तिच्याभोवती सरकल्या आणि त्यांनीही सूर धरला.

राळेगावकडची माणसं जागच्या जागी थिजली. कोकिळाबाईंच्या हातातलं ओटीचं ताट तसंच राहिलं.

"अवं बाई! हे काय होऊन राह्यलं? पियुष, खरं सांगजो, पोरीच्या मनात होतं ना?"

"आई, मले बी नाई समजून राह्यलं," पियुष पांढराफटक पडला होता. "ते कधीच रडत नाई वो. दवाखान्यात बी नाई."

बबनराव सरळ लालसिंगसमोर येऊन उभे राहिले. "इवाई, पोरीवर जबरदस्ती केली काय कोनं? तसं असन तं आत्ताच सांगा. रडत्या पोरीले गाडीत कोंबून नेनारे आमी लोक नाई. आमी रिकामे वापस जाऊ, पण तिचे हाल नाई करू."

माणूस वाईट बोलत असता तर लालसिंगला उत्तर देता आलं असतं. हा चांगलं बोलत होता, आणि त्या चांगुलपणानंच पोरीचं लग्न मोडायची वेळ आली होती. त्याचा हात आपोआप माईककडं गेला. आज त्यानं नजर फिरवली नाही आणि क्षणभर थांबलाही नाही.

"उपस्थित मान्यवर, बंधू आणि भगिनींनो! गोर बंजारा समाजाची समृद्ध सांस्कृतिक परंपरा असलेला ढावलो हा गीतप्रकार आपल्यासमोर सादर होत आहे. तरी सर्वांनी..."

टाळ्या पडल्या. कडकडून पडल्या. भराभर मोबाइल वर झाले. कुणीतरी उत्साहानं म्हणालं, "ताई, जरा इकडं तोंड करा ना!"

बबिताचा सूर तुटला. तिनं आईच्या खांद्यावरून मान उचलून बापाकडं पाहिलं. पुसलेलं काजळ, उघडे ओठ. नट अजून तयार नसताना पडदा वर जावा, तसा तो चेहरा होता. लालसिंगला एकदम कळलं, की आपण आपल्या लेकीचं रडणं कार्यक्रमात घातलं.

त्यानं माईक बंद केला आणि टेबलावर आडवा ठेवला. मोबाइलवाल्यांकडं पाहून नुसते हात जोडले. त्यांनी ओशाळून मोबाइल खाली घेतले. मग तो कोकिळाबाई ताट मांडीवर घेऊन बसल्या होत्या त्या खुर्चीजवळ गेला आणि तिथंच फरशीवर टेकला.

"ईनबाई, माह्यं चुकलं. तुमी घरी विचारलं होतं, तवाच सांगाले पायजे होतं. मले भेव वाटलं, तुमाले हसू येईन."

"हसू कायले येईन?" कोकिळाबाई म्हणाल्या. "पन मले वाटलं, पोरीले आमच्याकडं याचंच नाई!"

"जिच्या मनात नाई थे पोरगी मुकी बसते. आमच्यात जिले मनापासून जायचं असते, थेच असं रडते. रडते आन् बोलते. ज्याच्या गळ्यात पडली त्याचं तिनं काय काय ठेवून घेतलं, ते सांगते."

कोकिळाबाईंनी ताट बाजूला ठेवलं. "मंग आत्ता मायले काय म्हने?"

लालसिंगनं बबिताकडं पाहून मान हलवली. नंदाबाईनं लेकीचं डोकं पुन्हा खांद्यावर ओढून घेतलं. सूर दबकत उठला आणि हळूहळू भरत गेला. लालसिंग कोकिळाबाईंच्या कानाशी, एका माणसाला ऐकू जाईल एवढ्याच आवाजात सांगू लागला.

"म्हने, आई, विहिरीवरून येताना माह्यी घागर तू अर्धीच भरे. मले वाटे, मीच लय ताकदीची."

कोकिळाबाईंनी पदर डोळ्यांना लावला. बबिता शकुबाईंकडं वळली.

"म्हने, आत्या, तुह्या लुगड्याले तंबाखूचा वास येते म्हनून मी नाक मुरडे. आता राळेगावले मी नाक कुठं खुपसू?"

कोकिळाबाईंना रडता रडता हसू फुटलं. "अवं! असं बी सांगतात काय?"

"सारं सांगतात. मंग मांगं काही राह्यत नाई."

मग बबिता बापाकडं आली. तो उठायच्या आत तीच खाली बसली आणि त्याच्या गळ्यात पडली. बा, साऱ्या मुलखाला तू ज्याच्या त्याच्या बोलीत हाक मारलीस. मला हाक मारताना मात्र तुझा आवाज कधी चढला नाही. मी दुरूनच तुझं पाऊल ओळखून यायची, तुला बोलवावं लागलंच नाही.

"आता काय म्हने?" कोकिळाबाई वाकून विचारू लागल्या.

लालसिंगनं तोंड उघडलं. हजार माणसांचा मांडव एका हाकेत गप्प करणारा तो आवाज कुठं गेला होता, कोण जाणे.

कोकिळाबाईंनी त्याच्या खांद्यावर क्षणभर हात ठेवला. "राहू द्या इवाई. हे तुमचं तुमीच ऐका."

बबनराव घड्याळ पाहत जवळ आले. "अवं, निघाचं ना? कळंबले थांबाचं हाय अजून."

"थांबा जरा. तिच्या मावश्या राह्यल्या," कोकिळाबाई म्हणाल्या. "चिंतामणी काय पळून जाते काय?"

मावश्या झाल्या, तांड्यातल्या मैत्रिणी झाल्या. शेवटी बबिता सासूसमोर आली आणि अडखळली. शकुआत्यानं सासूसाठी काही शिकवलंच नव्हतं. ती साध्या वऱ्हाडीत म्हणाली, "आई, तुमचं मले अजून काहीच ठाऊक नाई. काय म्हनू?"

"नोको म्हनू. माह्याजवळ सांगाजोगं अजून झालंच काय?" कोकिळाबाईंनी तिचं तोंड आपल्या पदरानं पुसलं. "होईन हळूहळू. तवा म्हनजो. आता कोन राह्यलं तुहं?"

"भाभी राह्यली, चुलतभावाची बायको. थे चुलीजवळ हाय."

"मंग जा ना, पोरी!"

बबिता स्वयंपाकघराकडं पळाली. आतून पुन्हा तो सूर उठला. बाहेर ड्रायव्हरनं कंटाळून लांबलचक हॉर्न वाजवला. बबनराव काही म्हणायच्या आत कोकिळाबाई नऊवारीचा काष्टा सावरत पायऱ्या उतरल्या आणि गाडीच्या दारावर थाप मारून म्हणाल्या, "गाडी बंद कर रे बाप्पा. आमची सून अजून बोलून राह्यली."