जाड सोंडेचा ढेकण्या

मी तो ढेकण्या पहिल्यांदा पाहिला तेव्हा तो शिकार करत होता. खाप्याजवळच्या एका संत्र्याच्या बगीच्यात, पानाखाली, त्याने बोटाएवढी हिरवी अळी उलटी लटकवून धरली होती. सोंड तिच्या मानेत रुतलेली. अळीने लाल शिंगं बाहेर काढली, घाण वास सोडला, अंगाला पीळ दिले. तो जागचा हलला नाही. पाऊण तासाने खाली पडलं ते रिकामं कातडं.

सत्तरच्या दशकातली ही गोष्ट. नागपूरच्या एका प्रयोगशाळेत मी कीटक ओळखायला शिकत होते. प्रताप नगरातल्या भाड्याच्या खोलीतून सकाळी निघायचं, एसटीने खाप्याला उतरायचं, पुढे चालत बगीचा. फळांचा रस शोषणारा ढेकण्या गोळा करणं हे माझं काम. हा दिसायला तसाच होता. पण त्याची सोंड बारीक सुईसारखी असते, याची जाड होती, आणि खांद्यांवर दोन काळे काटे.

मला तो दाखवला होता निंदायला येणाऱ्या एका मजूर बाईने. चाळिशीची, कोष्ट्यांच्या घरातली. घरचे माग बंद पडल्यावर बगीच्यात आलेली. "हा पानं नाही खात," ती म्हणाली, "हा पानं खाणाऱ्यालेच खाते." पुस्तकं चाळून हे लिहायला मला आठ दिवस लागले.

या ढेकण्याची सहा पिलं मी एकाच बरणीत ठेवली. दोन दिवसांनी दोनच उरली. बाकीच्यांना त्यांनी शोषून टाकलं होतं. दोन्ही मोठी होऊन माद्या निघाल्या. एका अतिशय दुर्मिळ जातीशी त्यांची ठेवण जुळत होती, पण नर तपासल्याशिवाय खात्रीने सांगता येत नव्हतं. मी बाईला तसं सांगितलं. हे किडे दिसत होते असं ओळीच्या टोकाचं एक झाड तिने हेरून ठेवलं.

पुढच्या फेरीला पोचले तर बगीच्यात कीटकनाशकाची धुरळणी चालू होती. पांढऱ्या भुकटीने पुढचं दिसत नव्हतं. बाईने हात धरून मला त्या झाडाकडे ओढत नेलं. मी दोन किडे धरले, त्यातला एक नर होता. झाकण लावून मी बरणी बुंध्याशी ठेवते न ठेवते तोच बगीच्याचा दिवाणजी दोन गडी घेऊन आला.

"हे झाड काहून सुटलं?"

"उद्या मारा भुकटी, दिवाणजी," मजूर बाई म्हणाली. "या बाईले किडा पायजे."

"बगीचा तिच्या बापाचा आहे का?" असं म्हणून त्याने मजूर बाईच्या थोबाडीत मारली.

ती पडली नाही. फांदीला आधार दिलेला बांबू तिने उपसला आणि सरळ त्याच्या तोंडावर हाणला. त्याचा ओठ फाटला. गड्यांनी तिला खाली पाडलं, आणि दिवाणजी बुटाने तिच्या खांद्यावर लाथा घालू लागला. तिसऱ्या लाथेला हाड मोडल्याचा आवाज मी ऐकला.

मी काय केलं ते लिहायलाच हवं. मी आधी बरणी उचलली. ती लाथेखाली येईल म्हणून उचलून झाडामागे नेऊन ठेवली, आणि मग धावले. दिवाणजीच्या पाठीवर चढून मी त्याच्या कानाला चावले. धुरळणी यंत्राचा दांडा माझ्या कपाळावर बसला. शहरातल्या बाईचं रक्त निघालेलं पाहून गडी मागे सरले, तेव्हा कुठे ते थांबलं.

बैलगाडीत तिचं डोकं माझ्या मांडीवर होतं. दवाखाना येईपर्यंत ती कण्हत होती. मी म्हणाले, "माझं चुकलं. मी आधी बरणी..."

"दिसलं मले," ती म्हणाली, आणि डोळे मिटून घेतले.

झाडावरून पडली, असं दिवाणजीने पोलिसांना सांगितलं. आमचे साहेब मला म्हणाले, "आपण किडे ओळखतो. भांडणात पडू नका." मी कपाळाच्या टाक्यांसकट ठाण्यात गेले आणि पाहिलं ते सगळं सांगितलं, तिने बांबू मारला तेही. दिवाणजीला अटक झाली. पुढे मालकाने त्याला काढून टाकलं. तिचा उजवा हात मात्र खांद्याच्या वर कधी गेला नाही.

नर मी स्वतः मारला, त्याच्या पोटाचा शेवटचा भाग कापून कॉस्टिक सोड्यात उकळला आणि सूक्ष्मदर्शकाखाली ठेवला. जननेंद्रियाचा बाकदार आकडा पुस्तकातल्या चित्राबरहुकूम होता. दूरच्या एका जाणकाराकडे नमुना पाठवला. काही महिन्यांनी त्यांचं दोन ओळींचं पत्र आलं. ओळख बरोबर होती.

ते सांगायला मी तिच्या घरी खाप्याला गेले. ती अंगणात ओली गोधडी एका हाताने दोरीवर टाकायची खटपट करत होती. मी किड्याचं लांबलचक लॅटिन नाव सांगितलं. ती हसली.

"अन् मराठीत?"

"मराठीत नाव नाही त्याला."

"इतकं होऊन एवढंच?"

"एवढंच," मी म्हणाले.

"मग तिकडून धरा," ती म्हणाली. मी गोधडीचं दुसरं टोक धरलं. दोघींनी मिळून ती पिळली आणि दोरीवर टाकली.