टकटकबाई आणि नवऱ्याची खोकी

स्पीकरच्या कारखान्यात तिला सगळे टकटकबाई म्हणत. लाकडी खोकं जोडून, वाळून तिच्यासमोर आलं की ती बोटाच्या पेराने चारी बाजू वाजवून बघायची. आवाज भरीव आला तर हिरवी चिठ्ठी, कुठे पोकळ वाजलं तर लाल. सांध्यात केसाएवढी फट असली, तरी तिच्या कानातून सुटायची नाही.

ती खोकी जोडायचा तिचाच नवरा. फळ्यांना खाचा पाडून, सरस भरून, आतून आडवी पट्टी देऊन तो खोकं असं बांधायचा की बावीस वर्षांत लाल चिठ्ठ्या हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्याच. "घरी मात्र तुम्ही काठावर पास हं," असं ती चिडवायची.

मग त्याचा उजवा हात थरथरायला लागला. सरस एकीकडे थापला जायचा, एकीकडे सांधा कोराच राहायचा. त्याचं पहिलं पोकळ खोकं समोर आलं, तेव्हा तिने इकडेतिकडे पाहिलं आणि हिरवी चिठ्ठी चिकटवली. अशी अकरा खोकी तिने सोडली. महिन्याभरात दोन परत आली, सांधे उकललेली.

"बाई, ऐकू येईनासं झालंय का तुम्हाला?" साहेबांनी विचारलं.

ती परत आलेली खोकी उचलून बाजूला ठेवायला लागली.

घरी तिने नवऱ्याला सगळं सांगितलं. "उद्यापासून जसं ऐकू येईल तशीच चिठ्ठी लाव," तो म्हणाला. "माझ्या हातचं वाईट काम लोकांच्या घरात नको गं जायला."

दुसऱ्या दिवशी तिने सहा लाल चिठ्ठ्या लावल्या. आठवड्याभरात साहेबांनी त्याला घरी बसवलं. तो तिच्यावर एकदाही चिडला नाही. फक्त बोलणं आटत गेलं. ती कामावरून आली की "आलीस?" एवढंच. वर्ष उलटायच्या आत त्याची छाती कफाने भरली आणि तीन दिवसांत तो गेला.

तेरा दिवसांनी ती कामावर आली. पहिल्याच खोक्यावर तिने बोट टेकवलं आणि तशीच थांबली.

"मला पॅकिंगला टाका, साहेब," ती म्हणाली. "मला नाही आता हे जमायचं."

आता ती खोक्यांभोवती थर्माकोल बसवते. संध्याकाळी सुटल्यावर बाकीच्या बायका लगबगीने घराकडे निघतात. ती बसथांब्यावर बसून राहते, दोन बस मुद्दाम सोडून देते.